राखी माशी आणि ॲश वृक्ष : एक तुलना



गेल्या वैशाखांत आमच्या एका माजी विद्यार्थिनीचें इंग्लंडहून पत्र आलें. ती नोकरीनिमित्त तिकडे राहते. पत्रासोबत तिनें दोन छायाचित्रें पाठविलीं होतीं. पहिल्या चित्रांत एक उंच, जुना ॲश वृक्ष होता आणि त्याच्या बुंध्यावर रंगाची एक ठळक खूण होती. तोडावयाच्या झाडांवर अशी खूण करितात, असें तिनें लिहिलें होतें. दुसऱ्या चित्रांत त्याच बागेंतील गवताळ उतार होता. त्यावर मातीचे लहान लहान ढीग दिसत होते व प्रत्येक ढिगाच्या मध्यभागीं पेन्सिल जाईल एवढें भोंक होतें. त्या भोंकांतून काळ्या व राखी रंगाच्या माशा ये-जा करीत होत्या. शेवटीं तिनें विचारलें होतें, “सर, झाड जाणार म्हणून येथें सारे हळहळतात आणि माशा मारून टाका म्हणून तेच लोक अर्ज करितात. ह्या दोहोंपैकीं अधिक काळजी कोणाची करावी?”

हें पत्र आम्हीं नववीच्या वर्गांत वाचून दाखविलें आणि झाड व माशी यांची तुलना लिहून आणावयास सांगितलें. एका मुलानें चारच वाक्यें लिहिलीं : “झाड मोठें आहे. माशी लहान आहे. झाड एका जागीं उभें असतें. माशी उडते.” चारहि विधानें खरीं होतीं, म्हणून त्यांवर तांबडी रेघ मारतां येईना, आणि वाचून समाधानहि होईना. दुसऱ्या दिवशीं त्याच्या वडिलांनीं आम्हांस विचारलें, “ज्या दोन वस्तूंत कांहींच सारखें नाहीं, त्यांची तुलना करून मुलांना मिळावयाचें काय?” प्रश्न योग्य होता. त्याचें उत्तर रस्त्यांत उभ्या उभ्या देतां आलें नाहीं, म्हणून तें आज येथें लिहितों.

नांवांची फसवणूक

प्रथम नांवें पाहूं. इंग्रजी भाषेंत ह्या वृक्षाला ‘ॲश’ म्हणतात आणि राखेलाहि ‘ॲश’च म्हणतात. माशीचें इंग्रजी नांव ‘ॲशी मायनिंग बी’, म्हणजे राखेच्या रंगाची, खाण खणणारी माशी. तेव्हां ॲश वृक्षावर राहणारी ती ॲशी माशी, असा समज सहज होतो. आमच्या वर्गांत कित्येकांचा झालाहि. पण तो खरा नव्हे. जुन्या इंग्रजींत वृक्षाचा शब्द वेगळा होता आणि राखेचा वेगळा. काळाच्या ओघांत झिजून दोन्हींचा उच्चार एक झाला.

शास्त्रीय लॅटिन नांवांत हा घोटाळा उरत नाहीं. स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालीं वृक्षाला ‘फ्रॅक्सिनस एक्सेल्सियर’ असें नांव दिलें. त्यांतील पहिला शब्द प्राचीन रोमन लोकांनीं ह्याच वृक्षाला दिलेला असून दुसऱ्याचा अर्थ ‘अधिक उंच’ असा आहे. पुढें १७५८ सालीं त्यानेंच ह्या माशीचेंहि वर्णन केलें. तिला आज ‘अँड्रीना सिनेरेरिया’ म्हणतात. ‘सिनेरेरिया’ हा शब्द राखेवरून आलेला आहे.

क्रिकेटची आवड असलेल्या मुलांना येथें एक गंमत सांगतों. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्यांत ‘ॲशेस’ म्हणून सामने होतात. १८८२ सालीं ओव्हल मैदानावर इंग्लंडचा संघ हरला, तेव्हां एका वृत्तपत्रानें, इंग्लिश क्रिकेट मेलें असून त्याची राख ऑस्ट्रेलियास नेली जाईल, अशी थट्टा केली; त्या राखेवरून हें नांव पडलें. परंतु त्याच खेळांतील यष्ट्या मात्र ॲश वृक्षाच्या चिवट लांकडाच्या करितात. एकाच मैदानावर राखहि आहे आणि वृक्षहि आहे, पण एकाचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं. यावरून पहिला धडा असा, कीं नांवाच्या सारखेपणावर तुलना उभी करूं नये.

बाहेरून पाहतां

आतां रूप पाहूं. ॲश वृक्ष युरोपांत बहुतेक ठिकाणीं आढळतो. तो आपल्या महाराष्ट्रांत होत नाहीं, तरी त्याचें कूळ आपल्या अंगणांतलें आहे. जाई, जुई, मोगरा व पारिजातक हीं ज्या कुळांत मोडतात, त्याच कुळांतला हा. हिमालयांत तर त्याच्या जवळच्या नात्यांतील जाती उगवतात. त्याचें पान आपल्या कडुनिंबाप्रमाणें संयुक्त असून एका देंठावर बहुधा ९ ते १३ पर्णिका असतात. हिवाळ्यांत त्याच्या उघड्या फांद्यांवर काजळासारखे काळे कळे दिसतात. त्यांवरून तो ओळखावा. तो ३५ मीटरपर्यंत उंच वाढतो आणि दोनतीनशें वर्षें सहज जगतो. बुंध्यापाशीं तोडल्यास त्याला पुन्हा धुमारे फुटतात. असा वारंवार तोडून वाढविलेला एक ॲश इंग्लंडच्या सफोक परगण्यांतील ब्रॅडफील्ड वनांत आहे. त्याचें वय सुमारें हजार वर्षें असावें असा जाणत्यांचा अंदाज आहे.

राखी माशी आकारानें साधारण आपल्या मधमाशीएवढी. मादीचें अंग काळेभोर व चकचकीत असून पाठीवर राखी केंसांचे दोन आडवे पट्टे असतात. मधमाशी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पोळें, राणी व हजारों कामकरी माशा येतात. हिच्याजवळ यांपैकीं कांहींच नाहीं. ही एकांडी आहे. शेंकडों माद्या एकाच उतारावर शेजारीं शेजारीं घरें करितात. परंतु प्रत्येकीचें बीळ स्वतंत्र, कष्ट स्वतंत्र आणि पिलेंहि स्वतंत्र. राखावयास मधाचा सांठा नसल्यामुळें ती माणसांवर धांवून जात नाहीं. मादीला नांगी असते खरी, परंतु मुठींत धरून दाबल्याखेरीज ती सहसा डंख करीत नाहीं. नराला तर नांगीच नाहीं. जगांत मधमाश्यांच्या सुमारें २०,००० जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुसंख्य जाती अशाच एकांड्या असून बऱ्याचशा जमिनींत घर करणाऱ्या आहेत.

एवढ्यानें आमच्या त्या विद्यार्थ्याचीं चार वाक्यें अधिक विस्तृत झालीं, इतकेंच. एक शतकें मोजतो, दुसरी आठवडे मोजते. एकाची सावली अंगणभर पडते, दुसरीची नखाएवढीहि पडत नाहीं. आतां मातीखालीं पाहूं.

मातींतलें बालपण

मार्च महिन्याच्या शेवटीं इंग्लंडांत ऊन जरा तापूं लागलें, कीं राखी माशा जमिनींतून बाहेर येतात. नर आधीं येतात, माद्या मागाहून. समागमानंतर मादी बीळ खणूं लागते. हें बीळ १० ते २५ सेंटिमीटर खोल असतें आणि त्याच्या तळाशीं दोनतीन लहान कोठड्या असतात. आपल्या शरीरांतून पाझरणाऱ्या द्रव्यानें ती कोठडी आंतून सारवते, म्हणजे ओल आंत शिरत नाहीं. मग सफरचंद, चेरी, हॉथॉर्न, डँडेलियन अशा फुलांवर खेपा घालून ती पराग आणते, त्यांत मकरंद मिसळून शिदोरी तयार करिते, तिच्यावर एक अंडें घालते आणि कोठडी बंद करिते. असें करतां करतां जून उजाडतो आणि ती मरून जाते. तिनें आपल्या पिलाचें तोंड पाहिलेलें नसतें, व पिलानेंहि आईला कधीं पाहिलेलें नसतें. अंड्यांतून निघालेली अळी ती शिदोरी खाते, शरदृतूपर्यंत तिची पूर्ण माशी होते. परंतु ती बाहेर येत नाहीं. पंख असूनहि ती सारा हिवाळा त्या अंधाऱ्या कोठडींत वाट पाहते आणि वसंतांत माती उकरून वर येते.

आतां वृक्षाकडे वळूं. वसंतांत ॲशला पानें फुटण्यापूर्वींच फुलें येतात. त्या फुलांना पाकळ्या नाहींत, सुगंध नाहीं, मकरंदहि नाहीं. कांहीं झाडांवर नरफुलें, कांहींवर मादीफुलें, तर कांहींवर दोन्ही प्रकारचीं असतात. त्यांचे पराग वारा वाहून नेतो. फळें एकेका पंखाचीं असून त्यांचे घोस किल्ल्यांच्या जुडग्यांसारखे लोंबतात. आपल्याकडील वावळ्याचें पंखवालें फळ ज्यांनीं वाऱ्यावर उडतांना पाहिलें आहे, त्यांना ह्याची कल्पना येईल. हें फळ जमिनीवर पडलें तरी लगेच रुजत नाहीं. आंतील अंकुर अजून अपुरा असतो. तो प्रथम उबेंत वाढावा लागतो आणि मग त्याला थंडी मिळावी लागते. म्हणून तें बीं बहुधा एक अख्खें वर्ष मातींत पडून राहतें आणि दुसरा हिवाळा सोसल्यावर उगवतें.

मुलांनो, येथें पहिलें खरें साम्य सांपडलें. जो वृक्ष हजार वर्षें जगूं शकतो आणि जी माशी दोन महिनेहि उघड्यावर जगत नाहीं, त्या दोघांचेंहि बालपण मातीखालीं, काळोखांत, थंडी सोसण्यांत जातें. वरून पाहणारास तेथें कांहीं दिसत नाहीं. जमीन रिकामी आहे असें तो म्हणतो आणि तिच्यावर फरशी घालतो.

दोघांची गांठहि पडते. ॲशला पानें उशिरा, बहुधा एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यांत येतात, आणि आलीं तरी त्याची सावली विरळ असते. त्यामुळें वसंतांत त्याच्या तळाशीं व आजूबाजूच्या कुंपणांवर पुष्कळ ऊन पडतें व फुलें फुलतात. माशीच्या खेपांचा काळ नेमका हाच असतो. आपणांस मकरंद न देणाऱ्या वृक्षाच्या पायथ्याशीं माशीची उपासमार होत नाहीं, कारण तो वाटेंतून बाजूस सरून उन्हाला जागा देतो.

ज्या वाटेनें जीवन, त्याच वाटेनें संकट

दुसरें साम्य अधिक गंभीर आहे. माशीला शिदोरी आणण्यासाठीं बिळाचें दार उघडें ठेवून जावें लागतें. त्याच दारानें तिचा शत्रू आंत शिरतो. तांबूस-पिवळ्या रंगाची, गांधिलमाशीसारखी दिसणारी एक दुसरी मधमाशी आहे. तिचें नांव ‘नोमाडा लॅथबरियाना’. ती स्वतः कधीं खणत नाहीं कीं पराग गोळा करीत नाहीं. राखी माशी बाहेर गेली कीं ती बिळांत शिरते आणि कोठडींत आपलें अंडें घालून निघून जाते. तिची अळी घरच्या अंड्याचा किंवा अळीचा नाश करिते व शिदोरी खाऊन वाढते. कावळ्याच्या घरट्यांत अंडें घालणारी कोकिळा आपण जाणतों. तसाच हा प्रकार.

वृक्षाला बीळ नाहीं, दार नाहीं. त्याचें दार म्हणजे वारा. वाऱ्यावर त्याचे पराग जातात, वाऱ्यावरच त्याचीं बीजें जातात. आणि आज त्याचा काळहि वाऱ्यावरच येत आहे. ‘हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस’ नांवाची एक बुरशी आहे. गळून पडलेल्या पानांच्या देंठांवर उन्हाळ्यांत तिच्या इवल्याशा पांढऱ्या वाट्या उगवतात आणि त्यांतून निघालेले सूक्ष्म बीजाणु वारा दूरवर नेतो. ते ॲशच्या हिरव्या पानांवर पडले, कीं बुरशी पानांतून देंठांत व देंठांतून फांदींत उतरते. शेंडे वाळूं लागतात, सालीवर चट्टे पडतात, आणि पुष्कळदां सारें झाडच वठतें. पोलंडांत १९९२ सालीं अशीं वठणारीं झाडें प्रथम नजरेस आलीं; २०१२ सालीं हा रोग ब्रिटनमध्यें असल्याचें सिद्ध झालें. तेथील बहुसंख्य ॲश वृक्ष ह्या रोगानें जातील अशी भीति व्यक्त करण्यांत आली आहे. आणि जाणारा एकटा वृक्षच नव्हे. साडेनऊशेंहून अधिक जातींचे पक्षी, किडे, शेवाळें, दगडफुलें व बुरश्या ब्रिटनमध्यें ॲशच्या आश्रयास येतात. त्यांपैकीं सुमारें ४५ जातींना दुसरा आश्रयच नाहीं असें मानतात.

ह्या दोन संकटांत मात्र एक मोठा भेद आहे, आणि तुलनेचें खरें फळ ह्या भेदांत आहे. कोकिळेसारखी ती नोमाडा आणि राखी माशी फार जुन्या काळापासून एकत्र नांदत आहेत. एक लुटते, दुसरी शेंकडों बिळें खणून त्या लुटीपेक्षां अधिक पिलें वाढविते. दोघींपैकीं कोणीहि संपलेली नाहीं. बुरशीची मूळ भूमि पूर्व आशिया. तेथील ॲशच्या जाती तिच्या संवयीच्या आहेत. त्यांना ती फारशी इजा करीत नाहीं. युरोपच्या ॲशनें मात्र तिला कधीं पाहिलेंच नव्हतें, म्हणून तो तिच्यापुढें निःशस्त्र उभा राहिला. ह्या प्रवासांत माणसाचा हात होता. जिवंत रोपांच्या व्यापारांतून अशा व्याधि एका खंडांतून दुसऱ्या खंडांत जातात. ब्रिटननें २०१२ सालच्या ऑक्टोबरांत ॲशच्या रोपांची आयात बंद केली. परंतु तोंवर रोग येऊन पोहोंचला होता. अमेरिकेंतील ॲशच्या जातींवर असेंच संकट आशियांतील एका हिरव्या भुंगेऱ्यामुळें आलें. तो २००२ सालीं मिशिगन राज्यांत आढळला आणि त्यानें पुढें कोट्यवधि वृक्ष मारले.

आशा कोठें आहे?

दोघांचीहि आशा संख्येंत आणि वैविध्यांत आहे. एक बीळ लुटलें गेलें तरी शेजारचें वांचतें. ॲशचेंहि तसेंच. हजारों बीजांपासून हजारों रोपें होतात, आणि त्यांपैकीं सर्व अगदीं सारखीं नसतात. एखादें रोप इतरांपेक्षां रोगाला अधिक दाद देत नाहीं. इंग्लंडच्या सरे परगण्यांतील मार्डन पार्क वनांत शास्त्रज्ञांनीं जुने वृक्ष व त्यांच्या सावलींत उगवलेलीं तरुण रोपें यांची आनुवंशिक द्रव्यें तपासलीं. रोगाला तोंड देण्याचे गुण जुन्या पिढीपेक्षां नव्या पिढींत अधिक आहेत, असें त्यांना आढळलें. हें संशोधन २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. वाढ फार थोडी आहे, आणि एवढीनेंच वृक्ष तरेल असें म्हणतां येत नाहीं. पण ती झाली, ती बीजाला पडावयास मोकळी माती आणि उगवावयास वेळ मिळाला म्हणून झाली.

आम्हीं दिलेलें उत्तर

आमच्या विद्यार्थिनीस आम्हीं असें उत्तर पाठविलें : “रोगट ॲशचें लांकूड ठिसूळ होतें, म्हणून रस्त्याकांठचा वृक्ष तोडणें भाग असेल, तर त्यास विरोध करूं नये. परंतु जेथें त्याच्या पडण्यानें कोणास इजा नाहीं, तेथें तो उभा राहूं द्यावा. न जाणों, तोच तग धरणारा निघेल. माशांसंबंधीं शेजाऱ्यांना एवढेंच सांगावें कीं, सहा ते आठ आठवडे धीर धरा; त्या आपण होऊन दिसेनाशा होतील, आणि त्यांच्या श्रमानें तुमच्या बागेंतील सफरचंदें धरतील. काळजी मोठ्याची करावी कीं लहानाची, हा प्रश्नच सोडून द्यावा. दोघांखालची माती एक आहे, तिची काळजी करावी.”

एवढें लिहिल्यावर आमच्याच मनांत एक कांटा राहिला. आमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला, भिंतीलगत मातीचा एक पट्टा आहे. तेथें धूळ उडते, म्हणून त्यावर फरशी घालावी अशी सूचना आम्हींच केली होती. पत्राचा विषय वर्गांत संपल्यावर आठ दिवसांनीं तो चार वाक्यांचा मुलगा आम्हांस हात धरून तेथें घेऊन गेला. भिंतीच्या पायथ्याशीं मातींत भोंकें होतीं, आणि पोटावर निळसर पट्टे असलेल्या माशा त्यांत शिरत होत्या. ती राखी माशी नव्हे. पण तीहि एकांडी, आणि तीहि मातींत घर करणारी. वांग्याच्या व टोमॅटोच्या फुलाला बिलगून ती अंगाची अशी थरथर करिते कीं आंत दडलेले पराग बाहेर सांडतात. आमच्या गांवच्या वाडींतलीं वांगीं अंशतः अशाच माशांच्या कृपेनें आपल्या ताटांत येतात. त्या भोंकांवरून आम्हीं कित्येक वर्षें चालत आलों होतों. आम्हीं सूचना मागें घेतली, आणि तो पट्टा आतां मोकळा राहिला आहे.

त्या मुलानें आपल्या वहींत पांचवें वाक्य लिहून आणलें : “दोघांनाहि मोकळी माती लागते.” त्याखालीं आम्हीं पूर्ण गुण दिले. त्याच्या वडिलांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तरहि तेंच आहे. पहिलीं चार वाक्यें वर्गांत बसल्या बसल्या लिहितां येतात. पांचव्यासाठीं मात्र उठून बाहेर जावें लागतें, गुडघे टेंकावे लागतात आणि जमिनीकडे पाहावें लागतें.

येत्या सुट्टींत आपल्या घराच्या, विहिरीच्या किंवा बांधाच्या कडेला अशी एखादी मोकळी जागा शोधा. तिला हात लावूं नका. सकाळच्या उन्हांत दहा मिनिटें शांत बसा आणि काय दिसतें तें टिपून ठेवा. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, अंगणांत फरशी घालावयाची झाली, तर एक कोपरा मातीचा राखावा. त्यांत काय वाट पाहत आहे, हें वरून कोणासहि दिसत नाहीं.